पातळ टार्गेट की रेप्लिका? फ्लक्ससाठी हॅड्रॉन-निर्मितीचा डेटा निवडताना

प्रवेगकातून आलेल्या न्यूट्रिनोंवर काम सुरू केलं की लवकरच एक प्रश्न समोर उभा राहतो: फ्लक्सचं, म्हणजे झोतात कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रिनो असतील याचं, भाकीत कशाच्या आधारावर करायचं? प्रोटॉनचा झोत ग्रॅफाइट, बेरिलियम किंवा ॲल्युमिनियमच्या टार्गेटवर आदळतो, त्यातून पायॉन आणि केऑन हे अल्पायुषी कण (हॅड्रॉन) बाहेर पडतात, चुंबकीय हॉर्न त्यांना एका दिशेला वळवतात आणि पुढच्या बोगद्यात त्यांचा क्षय होऊन न्यूट्रिनो तयार होतात. म्हणजे टार्गेटमधून किती पायॉन, कोणत्या कोनात, किती संवेगाने निघाले हे कळल्याशिवाय न्यूट्रिनो किती हे सांगता येत नाही. काही जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ते शेकडो जीईव्हीच्या पट्ट्यात ही निर्मिती मूळ सिद्धांतातून थेट गणिताने काढता येत नाही. फ्लुका आणि जियान्ट४ या संगणक-प्रणालींमधली मॉडेल्स आहेत, पण ती एकमेकांशीच पटत नाहीत. म्हणून मोजमाप हवं, आणि ते दोन तऱ्हांनी झालेलं आहे.

पहिली तऱ्हा पातळ टार्गेटची. टार्गेट इतकं बारीक घ्यायचं की प्रोटॉनची त्यात फार तर एकच टक्कर व्हावी. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एनए६१/शाइन प्रयोगाने जपानच्या टीटूके या न्यूट्रिनो प्रयोगासाठी वापरलेलं ग्रॅफाइटचं टार्गेट २ सेंटिमीटर जाडीचं होतं, म्हणजे आंतरक्रिया-लांबीच्या (टक्कर होण्याआधी प्रोटॉन पदार्थात सरासरी जितकं अंतर जातो त्याच्या) सुमारे ४ टक्के. हाती येतो तो एका टकरीचा शुद्ध क्रॉस-सेक्शन (टक्कर घडण्याची शक्यता सांगणारं माप), संवेग आणि कोनाच्या खणांत वाटलेला.

दुसरी तऱ्हा रेप्लिकाची. ज्या झोताचा अभ्यास करायचा त्याच्याच टार्गेटची हुबेहूब प्रत घ्यायची, तिच्यावर त्याच ऊर्जेचे प्रोटॉन सोडायचे आणि टार्गेटच्या पृष्ठभागातून बाहेर काय पडतं ते मोजायचं. टीटूकेचं टार्गेट ९० सेंटिमीटर लांब आणि २.६ सेंटिमीटर व्यासाचं आहे. आंतरक्रिया-लांबीत मोजलं तर ते १.९ पट भरतं. एवढ्या लांबीत प्रोटॉनच नव्हे, त्यातून निघालेले कणही पुन्हा आदळतात, आणि ही सगळी गुंतागुंत मोजमापातच येऊन बसते. एनए६१ने या दांड्याचे १८ सेंटिमीटरचे पाच भाग आणि सहावं शेवटचं तोंड अशी विभागणी करून, कण नेमका कुठून निघाला हेही नोंदवलं. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण हॉर्न त्या कणाला कसं वळवणार हे तो कुठून निघाला यावरही ठरतं.

कागदावर पाहिलं तर रेप्लिका सरळ जिंकते. टीटूकेच्या फ्लक्सच्या शिखराजवळ साधारण ६० टक्के न्यूट्रिनो पहिल्याच टकरीतून निघालेल्या कणांपासून येतात, ३० टक्के टार्गेटच्या आतच झालेल्या पुढच्या टकरींतून, आणि उरलेले १० टक्के बाहेर, हॉर्नच्या ॲल्युमिनियमसारख्या ठिकाणी. पातळ टार्गेटचा डेटा थेट त्या ६० टक्क्यांवर बोट ठेवतो, रेप्लिका ९० टक्क्यांवर. परिणामही तसाच दिसला: शिखराजवळची अनिश्चितता १० टक्क्यांच्या आसपास होती, ती रेप्लिकाच्या डेटाने ५ टक्क्यांच्या घरात आली. टीटूकेवर काम करणाऱ्याने दुसरा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक पाहून घ्यावं: २००९ सालच्या रेप्लिका डेटातून आधी फक्त पायॉन आले होते, केऑन आणि प्रोटॉन २०१०च्या डेटातून नंतर प्रसिद्ध झाले. झोतातल्या इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंचा किंवा फ्लक्सच्या उच्च-ऊर्जा शेपटाचा प्रश्न असेल तर केऑनवाचून चालत नाही, तेव्हा कोणती आवृत्ती वापरली आहे हे आधी विचारा.

पण तुम्ही टीटूकेवर नसाल तर? रेप्लिकाचा डेटा एका माणसाच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखा असतो. टार्गेटची लांबी, आकार, घनता, हॉर्नसापेक्ष जागा, यांतलं काही बदललं की तो अंगावर बसत नाही, आणि उसवून दुसऱ्यासाठी शिवायलाही फारसा उपयोगी पडत नाही. पातळ टार्गेटचा क्रॉस-सेक्शन मात्र कुठेही नेता येतो. त्याला टार्गेटच्या लांबीशी देणं-घेणं नाही. फक्त दुसऱ्या टकरी मॉडेलच्या भरवशावर सोडाव्या लागतात.

अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या न्यूमी या न्यूट्रिनो-झोताची गोष्ट या बाबतीत बरीच शिकवून जाते. तिथल्या मिप प्रयोगाने न्यूमीच्याच एका जादा टार्गेटवर १२० जीईव्ही/सी (हे संवेगाचं एकक) संवेगाचे प्रोटॉन सोडून पायॉनची पैदास मोजली आणि २०१४ साली ती प्रसिद्ध केली. रेप्लिकाहून एक पाऊल पुढची गोष्ट, कारण टार्गेट प्रत नव्हे, त्याच कुळातलं. तरीही त्याच झोतावरच्या मिनर्व्हा प्रयोगाच्या गटाने आपल्या प्रमाण फ्लक्ससाठी पातळ टार्गेटचा डेटाच धरला. त्यातले मुख्य आकडे एनए४९ प्रयोगाने १५८ जीईव्ही/सीला कार्बनवर मोजलेले, आणि ते १२० पर्यंत फाइनमन-स्केलिंगने (एका ऊर्जेचे आकडे दुसऱ्या ऊर्जेला लावायच्या नियमाने) खाली आणलेले. वेगळ्या ऊर्जेचा डेटा ओढूनताणून आणणं ऐकायला बरं वाटत नाही, पण त्या स्केलिंगची चूक मोजता आणि लिहिता येते. याच कामातून आलेलं पीपीएफएक्स हे फ्लक्स काढायचं सॉफ्टवेअर आज नोव्हा आणि ड्यून या न्यूट्रिनो प्रयोगांचे लोकही वापरतात. शिवाय नोव्हाच्या काळात न्यूमीचं टार्गेटच बदललं, तेव्हा मिपने मोजलेल्या जुन्या टार्गेटचा थेट आधार तिथे उरला नाही. एनए६१ला २०१८ साली नव्या टार्गेटच्या रेप्लिकावर डेटा घ्यावा लागला तो यामुळेच.

ऊर्जा खाली उतरली की चित्र पुन्हा पालटतं. फर्मीलॅबच्या बूस्टर झोतात प्रोटॉनचा संवेग ८.९ जीईव्ही/सी आहे आणि टार्गेट बेरिलियमचं, ७१ सेंटिमीटरचं. जपानच्या जुन्या केटूके प्रयोगात १२.९ जीईव्ही/सी आणि ॲल्युमिनियम. या दोघांसाठी एनए६१ नव्हे, हार्प कामी येतो. सर्नच्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनवर २००० ते २००२ या काळात हार्पने १.५ ते १५ जीईव्ही/सीच्या झोतांनी हायड्रोजनपासून शिशापर्यंत टार्गेटं तपासली. एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने इतकी मूलद्रव्यं मोजलेली असल्यामुळे, आपल्या टार्गेटचं मूलद्रव्य वेगळं असेल तर अणुभारानुसार किती फरक पडतो याचा अंदाज हार्पवरून चांगला घेता येतो. बूस्टर झोतावरचे मिनीबून आणि मायक्रोबून हे प्रयोग या डेटावर उभे आहेत.

हार्पला एक काटाही आहे. मोठ्या कोनात निघालेल्या कणांसाठी तिथे टाइम प्रोजेक्शन चेंबर (कणांचा माग टिपणारं, वायूने भरलेलं यंत्र) होता. त्याच्या विकृती कशा दुरुस्त करायच्या यावरून गटात फूट पडली, आणि त्याच डेटावरून मुख्य गट व हार्प-सीडीपी नावाचा गट यांनी वेगवेगळे, न जुळणारे क्रॉस-सेक्शन प्रसिद्ध केले. पुढच्या दिशेच्या स्पेक्ट्रोमीटरमधून आलेले, केटूके आणि मिनीबूनसाठी वापरलेले आकडे या वादाच्या मध्यभागी नाहीत. पण म्युऑनच्या स्रोतासाठी किंवा स्पॅलेशन-सारख्या (जड केंद्रकांवर प्रोटॉन आदळून न्यूट्रॉन काढण्याच्या) कामासाठी मोठ्या कोनातले पायॉन हवे असतील तर दोन्ही संच घेऊन पाहा आणि फरक सरळ अनिश्चिततेत टाका. एकच संच गुपचूप निवडणं मला पटत नाही.

वातावरणीय, म्हणजे वैश्विक किरण हवेवर आदळून तयार होणाऱ्या, न्यूट्रिनोंवर काम असेल तर रेप्लिकाचा विचारच सोडून द्या, कारण तिथलं टार्गेट हवा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ज्यात वाटा होता त्या कोलारच्या खाणीत १९६५ साली असे न्यूट्रिनो पहिल्यांदा सापडले, म्हणून आपल्याकडे या विषयाला जुनी मुळं आहेत. हवेसाठी कार्बनचा डेटा पुरेसा जवळचा धरला जातो, पण हार्पने १२ जीईव्ही/सीला द्रव नायट्रोजन आणि ऑक्सिजनवरही मोजमाप करून ठेवलं आहे, ते विसरू नका.

नव्या मोजमापात स्वतः हात घालायचा असेल तर निवड यंत्राच्या आकाराचीही आहे. एनए६१ अवाढव्य आहे: दोन अतिवाहक चुंबकांत बसवलेले चेंबर, मागे आणखी मोठे चेंबर, उड्डाणकाल मोजणाऱ्या भिंती. अलीकडच्या सुधारणेनंतर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ८० घटनांवरून हजारच्या आसपास गेला, त्यामुळे आकडेवारी भरपूर मिळते, पण गटही मोठा आणि वेळापत्रक जड-आयनांच्या कार्यक्रमाशी वाटून घेतलेलं. फर्मीलॅबचा एम्फॅटिक त्याच्या उलट: टेबलावर मावेल अशा मापाचा, कायम चुंबकाचा, चाचणी-झोतावर चालणारा. टार्गेटमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या टकरी, म्हणजे कमी संवेगाचे पायॉन आणि प्रोटॉन पुन्हा आदळतात तेव्हा काय होतं, हा त्याचा विषय. पातळ टार्गेटच्या पद्धतीत जी जागा आज मॉडेलला सोडलेली आहे, तीच भरायचा त्याचा प्रयत्न आहे, म्हणून ड्यूनसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्याकडे पाहायला सांगेन.

शेवटी, कोणताही संच घ्या, सामान्यीकरण, म्हणजे आकडे कोणत्या एकूण क्रॉस-सेक्शनच्या मापाने मांडले आहेत ते, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या प्रयोगांत ‘अप्रत्यास्थ’ आणि ‘निर्मिती’ हे क्रॉस-सेक्शन सरसकट एकाच अर्थाने लिहिलेले सापडतात. प्रत्यक्षात दोघांत क्वासी-इलॅस्टिक टकरींचा फरक आहे, ज्यात केंद्रक फुटतं पण नवा कण जन्मत नाही. ३१ जीईव्ही/सीला कार्बनसाठी एनए६१चा निर्मिती क्रॉस-सेक्शन साधारण २३० मिलिबार्न आहे. तुमच्या संचातला आकडा याहून बराच मोठा दिसला तर त्यात क्वासी-इलॅस्टिक धरलंय का ते आधी पाहा. तो फरक तसाच राहिला तर पातळ टार्गेटवरून काढलेला सगळा फ्लक्स काही टक्क्यांनी सरकतो.