जुनी येना ८×३०: रेस बघायला अजूनही हीच दुर्बीण

कोल्हापुरात जुन्या घराचा माळा रिकामा करताना पितळी भांड्यांच्या मागं चामडी पेटीत एखादी दुर्बीण निघते. पट्ट्याच्या कडीला कधी रेसकोर्सच्या प्रवेशाचा पुठ्ठ्याचा बिल्ला दोऱ्यानं तसाच बांधलेला असतो. घोड्यांच्या रेसला जाणारी पिढी सरली. पुढच्यांना रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यती, घोडे आणि जॉकी यांची माहितीपुस्तिका, वाचता येत नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, मग हौसेनं शंभर रुपये लावणाराही मागं सरला. रेसकोर्स नाका हे नाव इथल्या पत्त्यांत तेवढं टिकून आहे. आणि या दुर्बिणी जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून विकल्या जातात, याचं फार वाईट वाटतं. कारण पूर्व जर्मनीत बनलेली कार्ल झाइस येनाची जेनॉप्टेम ८×३० (आठ पट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं) चांगल्या अवस्थेत मिळाली, तर रेस बघायला आजही तिच्यासारखी दुसरी नाही.

कारण आहे ते तिच्या दृश्याची रुंदी. हजार मीटरवर ती सुमारे १५० मीटर रुंद पट्टा दाखवते. ट्रॅकच्या समोरच्या सरळीत, साधारण ६०० मीटरवर घोडे असतील तर ९० मीटर दिसतात. घोड्याची लांबी अडीच मीटरच्या आत-बाहेर धरा. बारा घोडे पंधरा लांबींत पसरले तरी चाळीस मीटरच्या आत बसतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा एकाच नजरेत. मोबाइलवर ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त २०×५० मध्ये तेवढ्याच अंतरावर जेमतेम ३५ मीटर दिसतात. घोडा सेकंदाला सोळा मीटरच्या वेगानं जातो. दोन सेकंदांत तो काचेबाहेर, वर हात थरथरला की जॉकीच्या कपड्यांचे रंगही ओळखू येत नाहीत. जास्त पटीच्या मागं लागू नका.

वापरताना आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डावीकडचं चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीचं कडं फिरवा. हे पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथं, नको; समोरच्या फर्लांगाच्या पाटीवर करा. जॉकीचं जॅकेट आणि टोपी रेसबुकातून आधीच पाठ असू द्या. पुण्याचा रेसचा सीझन पावसाळ्यातला. भिजलेले रंग काळपट पडतात, तेव्हा टोपीच कामाला येते. घोडे सुटल्यावर आपल्याच घोड्यावर दुर्बीण रोखू नका. आघाडीचा घोडा दृश्याच्या पुढच्या कडेला ठेवा, मागचे आपोआप आत येतात. वळणावर आतला पाय पुढं टाकणारा घोडा सरळीत आल्यावर पाय बदलतो का, जॉकीचे हात स्थिर आहेत की तो आत्तापासूनच ढकलतोय, हे इथंच कळतं. शेवटच्या दोनशे मीटरला दुर्बीण खाली घ्या, तिथं उघडा डोळा पुरतो.

स्क्वॉन्डरर हा घोडा १९ पैकी १८ शर्यती जिंकला, इल्यूझिव्ह पिम्परनेल २३ पैकी २२. हे आकडे कुणालाही सापडतात. पण असा घोडा वळणावर किती सहज चालत होता, मागच्यांचे चाबूक निघाले तेव्हा त्याच्या पाठीवरचा जॉकी कसा गप्प बसला होता, ही आठवण ज्यांनी काचेतून बघितलं त्यांच्याकडेच आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी असते, २४०० मीटर, अडीच मिनिटांचा खेळ. मोबाइलच्या पडद्यावर कॅमेरा बहुतेक वेळ आघाडीवरच असतो. सातव्या नंबरवरून सरकत येणारा घोडा तिथं उशिरा दिसतो.

आता विकत घेताना. मोठ्या भिंगाच्या बाजूनं मोबाइलची बॅटरी आत मारा आणि दुसऱ्या टोकानं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. नुसता पांढुरका धूर असेल तर आतलं ग्रीस उडून काचेवर बसलंय, तो साफ होतो. बुरशीनं मात्र एकदा काचेचा थर खाल्ला की डाग जात नाही. मग रंकाळ्याच्या काठावर जा आणि पलीकडच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर नेम धरा. दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटीमीटर लांब न्या. मनोऱ्याची आडवी कड दोन्ही नळ्यांत एकाच पातळीवर हवी. एकीकडं वर, एकीकडं खाली दिसली तर दुर्बीण कधीतरी पडली आहे, आतला प्रिझम सरकलाय. अशी दुर्बीण पाच मिनिटांत डोकं दुखवते, घेऊ नका. मधलं चाक घट्ट असणं हा दोष धरू नका. जुनं ग्रीस गोठलेलं असतं, नवीन भरून घेता येतं. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर सोडून द्या.

चष्मा काढता येत नसेल तर ही तुमची दुर्बीण नव्हे. डोळा काचेच्या अगदी जवळ न्यावा लागतो, चष्म्यातून कडा कापल्या जातात. तिथं चांगल्या कंपनीची नवी ८×४२ बघा. जेनॉप्टेम पाणीरोधकही नाही, म्हणून पुण्याला छत्री हवीच.

मूळ चामडी पेटीत ती ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं, बुरशी तिथूनच सुरू होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलबरोबर ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तापवून सुकवा. पट्टा जुना असेल तर टाक्यांवर ओढून बघा. कुजलेला दोरा आधी तिथंच सुटतो. चप्पल लाइनमधल्या कारागिराला कडीचं माप दाखवलं की तो अरुंद पट्टा हातशिलाईनं करून देईल, फक्त गळ्याकडचा भाग रुंद ठेवायला सांगा.