जुनी रोड बाइक विकताना साइज कशावरून सांगावी? स्टिकर, कॅल्क्युलेटर आणि टेपचं परीक्षण

वापरलेली रोड बाइक विकायला काढली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न साइजचा असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा सीट ट्यूबवरचा (सॅडलखालच्या उभ्या नळीवरचा) स्टिकर वाचून दिलं जातं. घेणारा तो आकडा ऑनलाइन साइज कॅल्क्युलेटरच्या आकड्याशी ताडून बघतो, जुळला की निर्धास्त होतो, आणि सायकल हातात आल्यावर हँडलबार चार बोटं लांब निघतो. स्टिकर, कॅल्क्युलेटर आणि साधी मेझरिंग टेप यांना विकणाऱ्याच्या बाजूने जोखलं, तर टेपच्या जवळपास कोणी येत नाही.

आधी स्टिकर. ५४, ५६ हे आकडे मुळात सीट ट्यूबच्या लांबीचे, सेंटिमीटरमध्ये. पण लांबी कुठपासून कुठपर्यंत? काही कंपन्या बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरतो त्या खालच्या सांध्याच्या) मध्यापासून टॉप ट्यूबच्या (सॅडलकडून हँडलबारकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या) मध्यापर्यंत मोजायच्या, काही सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत. एकाच फ्रेमवर या दोन मापांत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी साइज. टॉप ट्यूब जमिनीला समांतर होती तोवर हे निभावून जायचं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जायंट कंपनीच्या टीसीआर या रोड बाइकमुळे उतरत्या टॉप ट्यूबची कॉम्पॅक्ट फ्रेम रुळली आणि सीट ट्यूबच्या लांबीवरून काही कळेनासं झालं. आज ५० सेंटिमीटर सीट ट्यूब असलेली एम फ्रेम बसायला जुन्या ५५ सारखी असू शकते. एस, एम, एल ही अक्षरं तर आणखी मोघम. कॅन्यनची एम इतर बऱ्याच कंपन्यांच्या एमपेक्षा मोठी बसते, हे सायकलवाल्यांना तोंडपाठ असतं. नवख्या माणसाला ते जाहिरातीतून कसं कळणार? स्टिकरला दहापैकी तीन गुण. तेही मॉडेल आणि वर्ष सोबत लिहिलं असेल तर, कारण त्यावरून कंपनीचा जिओमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा तक्ता शोधता येतो.

कॅल्क्युलेटर उंची, इनसीम (जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी), धड आणि हात अशी मापं विचारतात आणि एक आकडा देतात. बऱ्याच कॅल्क्युलेटरच्या पोटात एकच जुनं गणित असतं: इनसीम गुणिले ०.६५ ते ०.६७. इनसीम ८४ सेंटिमीटर असेल तर ५४.६ ते ५६.३. हे गणित आडव्या टॉप ट्यूबच्या फ्रेमसाठी जन्मलं, त्यामुळे आजच्या फ्रेमच्या सीट ट्यूबशी ते ताडणं व्यर्थ. त्यात लोक इनसीमच्या नावाखाली पँटच्या लेबलवरचा आकडा टाकतात, आणि तो कित्येक सेंटिमीटर कमी असतो. खरं इनसीम काढायचं तर अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कणा वर करून जांघेत सॅडलसारखं घट्ट दाबायचं आणि कण्यापासून जमिनीपर्यंत मोजायचं. तीनदा मोजून मधलं माप धरावं.

पण विकणाऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे. कॅल्क्युलेटर सांगतो, या माणसाला कोणती सायकल. विकणाऱ्याला हवं असतं, ही सायकल कोणत्या माणसाला. म्हणून गणित उलटं चालवावं. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र असं: इनसीम गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची. आता सीटपोस्ट (सॅडलचा दांडा) जितका खाली जाईल तितका घालून ही उंची मोजा, मग किमान खोलीच्या खुणेपर्यंत वर काढून पुन्हा मोजा. समजा ६८ आणि ७८ सेंटिमीटर आले. दोन्हींना ०.८८३ ने भागलं की ७७ ते ८८ सेंटिमीटर इनसीमचा पल्ला मिळतो. क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी, क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा) आणि बुटाच्या तळव्याची जाडी यांमुळे काही मिलिमीटर इकडेतिकडे होईल, तेवढं चालतं. सीटपोस्ट खाली जाताना बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूला किंवा आत बसवलेल्या बॅटरीला अडतो का, तेही बघावं. हा पल्ला पायांचा हिशेब देतो, धड-हातांचा नाही. सरळ वापराला कॅल्क्युलेटर चार गुणांचा, उलट वापराला सहा.

‘मी ५ फूट ९ इंच, मला अगदी बरोबर’ हे वाक्य मात्र जाहिरातीतून काढून टाकलेलं बरं. त्याच उंचीच्या दोन माणसांच्या इनसीममध्ये पाच सेंटिमीटरचा फरक असणं काही नवल नाही.

आता टेप. हवेत दोनच आकडे: स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलबारखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. सीट ट्यूब किती कापली, टॉप ट्यूब किती उतरती आहे, याचा या दोघांशी संबंध नाही, म्हणून हेच दोन आकडे एका कंपनीचे दुसरीशी ताडता येतात. स्पेशलाइज्ड टारमॅक एसएल७ च्या ५६ साइजला स्टॅक ५६५ आणि रीच ३९५ मिलिमीटर आहे. एंड्युरन्स (लांबच्या, आरामशीर प्रवासाच्या) जातीच्या ५६ मध्ये स्टॅक ६०० च्या आसपास भेटतो. स्टिकर दोन्हींवर तोच. एकीवर पाठ वाकवून बसायचं, दुसरीवर बरंच ताठ.

मोजायला लागतात टेप, स्पिरिट लेव्हल आणि गवंड्याचा ओळंबा. सपाट फरशीवर दोन्ही टायरमध्ये पुरेशी हवा भरून सायकल उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा. फरशीपासून क्रँकच्या मध्यापर्यंत मोजा, मग फरशीपासून हेड ट्यूबच्या टोकापर्यंत. वजाबाकी म्हणजे स्टॅक. रीचसाठी त्याच दोन बिंदूंपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा आणि भिंतीपासून दोन्हींची अंतरं मोजा. वजाबाकी म्हणजे रीच. चुका ठरलेल्या आहेत. सायकल कलती राहते हे पहिलं. क्रँकचा बोल्ट फ्रेमच्या मध्यापासून साधारण ७-८ सेंटिमीटर बाजूला असतो, त्यामुळे ५ अंशांचा कल आला तरी त्याची उंची ६-७ मिलिमीटरने चुकते. एकाने धरावी, दुसऱ्याने मोजावी. दुसरं, हेडसेटचं (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगचं) वरचं झाकण स्टॅकमध्ये धरलं जातं. झाकण ५ मिलिमीटरचं असू शकतं, १५ चंही. माप हेड ट्यूबच्या धातूच्या किंवा कार्बनच्या कडेपर्यंतच घ्यायचं.

केबल आतून नेणाऱ्या नव्या फ्रेममध्ये ही कड झाकणाखाली लपते, तिथे कंपनीचा तक्ताच बरा. टेपचा एक गुण इथे जातो. नऊ.

फ्रेमच्या पुढे सायकल कितपत जुळवून घेता येईल, हे स्टिअरर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी) सांगतो, आणि नेमकं तेच जाहिरातीत नसतं. स्टेमखाली (हँडलबार स्टिअररला जोडणाऱ्या भागाखाली) किती मिलिमीटर स्पेसर (कड्या) आहेत, वर किती, हे लिहा. कापलेला स्टिअरर परत वाढत नाही. खाली स्पेसर नसतील आणि घेणाऱ्याला हँडलबार २ सेंटिमीटर वर हवा असेल, तर वर वळणारा स्टेम एवढाच इलाज उरतो. साधारण ७३ अंशांच्या हेड ट्यूबवर प्रत्येक १० मिलिमीटर स्पेसरमागे हँडलबार सुमारे ३ मिलिमीटर मागे सरकतो. स्टेमची लांबी, हँडलबारची रुंदी (मध्यापासून मध्यापर्यंत की बाहेरून बाहेर, ते स्पष्ट) आणि क्रँकच्या आतल्या अंगाला पेडलच्या भोकाजवळ कोरलेला १७० किंवा १७२.५ हा आकडाही द्या. स्टेम-हँडलबार एकसंध असेल तर ते ठळक सांगा. तो बदलायचा म्हणजे ब्रेकची नळी काढून तेल पुन्हा भरण्यापर्यंत काम जाऊ शकतं.

साइज जुळल्यावर घासाघीस सुरू होते ती झिजेवरून. चेनच्या १२ पूर्ण कड्या, म्हणजे २४ पिना, नव्या असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.३ झाल्या की अर्धा टक्का ताण. ११ आणि १२ गिअरच्या कॅसेटला तिथेच चेन बदलावी. शिमानोच्या डिस्क रोटरची जाडी नवी असताना १.८ मिलिमीटर असते आणि १.५ ला तो बाद. क्रँक २०१२ ते २०१९ मधली शिमानोची अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस असेल, तर मागे कोरलेली दोन अक्षरं (उत्पादनाचा कोड) बघितल्याशिवाय विकू नका: सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने ११ गिअरच्या एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९००० आणि एफसी-आर९१०० क्रँकसाठी तपासणी जाहीर केली, कारण चिकटवलेले भाग सुटू शकतात. तपासणी झाली असेल तर तिची पावती ही विक्रीची सगळ्यांत भक्कम बाजू.

फोटो चेनच्या बाजूने, कॅमेरा टॉप ट्यूबच्या उंचीवर, मागे कोरी भिंत. चेन पुढे मोठ्या चक्रावर, मागे सगळ्यांत लहान चक्रावर. टेप लावलेले दोन फोटो जोडले की साइजबद्दलचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. बॉटम ब्रॅकेटखालच्या सीरियल नंबरचे शेवटचे काही आकडे मात्र झाकावे.

पार्सल करायची असेल तर पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्या पट्टीवर बसतो तिच्यावरून सोडवून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) आत बांधा, आणि डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा अडकवा. चाक नसताना लीव्हर एकदा दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी पॅड मागे ढकलत बसावं लागतं.