सोनाटा शिकायचा: आराखड्यातून की एका रचनेतून?

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्यात दमट हवेने व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात. म्हणून या दिवसांत मी वाजवण्यापेक्षा लिहायला जास्त बसते. सोनाटा म्हणजे पाश्चात्य अभिजात संगीतातली, अनेक भागांची वाद्यरचना; तिची बांधणी शिकायचे दोन्ही मार्ग मी करून पाहिलेत.

पहिला म्हणजे पुस्तकातला आराखडा: मांडणी (मुख्य धुना सादर करणं), विस्तार (त्या फिरवणं), पुनरागमन (त्यांचं परतणं). आठवड्यात पाठ होतो. पण त्यावरून लिहिलेल्या माझ्या रचनेत भाग होते, ओढ नव्हती.

दुसरा मार्ग एकच रचना उलगडण्याचा. मी बेथोव्हेनचा १८०१ साली छापला गेलेला एफ मेजरमधला, म्हणजे एफ हा सा असलेला, व्हायोलिन सोनाटा घेतला. पहिल्या भागातच दोन महिने गेले. सुरुवातीची धून व्हायोलिन गातं, मग पियानो ती उचलतो. पुनरागमनात मात्र पियानो आधी आणि व्हायोलिन मागाहून. हे कुठल्या आराखड्यात सापडणार?

खरी गोम दुसऱ्या विषयात, म्हणजे मांडणीतल्या दुसऱ्या मुख्य धुनेत आहे. आपल्या कानाला मुखड्यावर परतणं ओळखीचं, पण आपला सा अढळ असतो. इथे मांडणीत सा जणू पंचमावरच सरकतो, एफवरून सीकडे. विस्तारात तो आणखी भटकतो आणि पुनरागमनात तोच दुसरा विषय मूळ सा वर येतो. ते घरी पोचणं मला तानपुरा लावून, दोन्ही सा गाऊन पाहिल्यावर कळलं.

वेळ थोडा असेल तर आराखडा घ्या, नकाशा म्हणून तो हवाच. लिहायचंच असेल तर रचना उलगडा. मी आता दुसरा विषय आधी लिहिते, मूळ स्वरातच, आणि मग त्याला पंचमावर पाठवते.