बुरशीच्या नावाखाली आम्हाला कसं लुबाडलं, वेळीच वाचा

घरात बुरशी दिसली आणि कोणी "फ्री इन्स्पेक्शन करून देतो" म्हणालं तर आधी हे पूर्ण वाचा. मोठं झालंय, पण आमच्याकडे ज्या टेस्ट करून दाखवल्या त्या कुठल्याही घरात करून घाबरवता येतं, अगदी ठणठणीत कोरड्या घरात सुद्धा, आणि हे कळल्यापासून मला गप्प बसवत नाहीये.

बेडरूममध्ये कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले होते, खाली फरशीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरं कापसासारखं काहीतरी फुललं होतं, आणि खोलीत कुबट वास. सासूबाईंना दमा आहे, त्यांचा खोकला वाढलेला, म्हणून काळजी वाटून ऑनलाइन जाहिरात बघून बुरशी काढणाऱ्यांना बोलावलं. दोघं आले, युनिफॉर्म, मास्क, मोठी बॅग, बोलणं एकदम डॉक्टरसारखं. आणि त्यांचा पहिला प्रश्न भिंतीबद्दल नव्हताच, "घरात कोणाला श्वासाचा त्रास आहे का" हा होता. आम्ही सासूबाईंचं सांगितलं आणि तिथून पुढे प्रत्येक वाक्यात सासूबाई. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पलीकडे बाथरूम आहे.

मग टॉर्च काढली, जांभळ्या उजेडाची, यूव्हीवाली. लाइट बंद करून गादीवर, पडद्यावर, सासूबाईंच्या उशीवर मारली आणि सगळीकडे निळसर पांढरे ठिपके चमकले. "बघा, बीजाणू कुठपर्यंत पोचलेत." बीजाणू म्हणजे बुरशीचे हवेत उडणारे बारीक कण, ज्यातून नवी बुरशी उगवते. उशीवर हे बघितल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण खरं काय, तर कपडे धुवायच्या पावडरमध्ये पांढरेपणा यावा म्हणून जे केमिकल असतं ते यूव्हीखाली चमकतं, कपड्याचे धागे चमकतात, धूळ चमकते. धुतलेला पांढरा शर्ट धरून बघा, सगळ्यात जास्त तोच चमकेल.

नंतर दोन काटे असलेलं मीटर भिंतीत टोचलं. बेडरूममध्ये वाजलं ते ठीक, तिथे ओल होतीच. पण हॉलमध्ये सुद्धा वाजलं, तिथे जुन्या गळतीचा डाग आहे आणि ती गळती कधीच बंद झालेली आहे. "म्हणजे आतून पूर्ण घर ओलं आहे" असं म्हणून काम एका खोलीचं होतं ते अख्ख्या घराचं केलं. आता कळतंय की ते मीटर दोन काट्यांमधून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतं, आणि भिंतीत क्षार साचले असतील तर वीज सहज जाते, मग भिंत फारशी ओली नसली तरी आकडा वर दाखवतो. शिवाय अशा मीटरची पट्टी बहुतेक वेळा लाकडासाठी बनवलेली असते, प्लास्टरवर तो आकडा खरा टक्का नसतोच. त्याचा उपयोग एवढाच की कोरडी जागा आणि संशयाची जागा यांची तुलना करायची. त्यांनी कोरड्या जागी एकदाही लावलं नाही.

सगळ्यात मोठा डाव डिशचा. एक गोल प्लास्टिकची डिश उघडून बेडरूममध्ये ठेवली, थोड्या वेळाने झाकण लावून घेऊन गेले आणि काही दिवसांनी व्हॉट्सअपवर फोटो, डिश भरून काळे हिरवे गोळे. सोबत "लॅब रिपोर्ट". तो फोटो बघून सासूबाई त्या रात्री झोपल्या नाहीत. अहो पण बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, घरात, बाहेर, दवाखान्यात, बागेत, कुठेही, आणि अशी डिश उघडी ठेवली की त्यावर काहीतरी उगवणारच, कारण ती उगवण्यासाठीच बनवलेली असते. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जीवाणूंच्या डिशवर बुरशी आपोआप येऊन पडली आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला, म्हणजे शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये पण डिश सुटली नाही तर आमची बेडरूम कुठून सुटणार. निदान त्याच वेळी घराबाहेरच्या हवेचा नमुना घेतला असता तर तुलना तरी करता आली असती. आमच्या रिपोर्टमध्ये बाहेरचा नमुनाच नव्हता. आकडा होता आणि त्याच्यापुढे लाल अक्षरात "धोकादायक पातळी". ही पातळी कोणी ठरवली? अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, स्पष्ट सांगितलंय की हवेतल्या बीजाणूंसाठी त्यांच्याकडे अशी कुठली मर्यादाच नाही, आणि बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरजच नसते. दिसतेय ना, मग पाणी थांबवा आणि ती काढा.

रिपोर्टमध्ये अजून एक शब्द होता, "विषारी काळी बुरशी". हा शब्द वाचल्यावर माणूस सही करून मोकळा होतो. याबद्दल नंतर खूप वाचलं. स्टॅकीबॉट्रिस नावाची एक बुरशी आहे, हिरवट काळी, सतत ओल्या राहणाऱ्या कागदावर, जिप्सम बोर्डवर येते. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसात रक्तस्राव झाला होता आणि त्याचा या बुरशीशी संबंध असावा असं आधी म्हटलं गेलं, तिथून ही भीती जगभर पसरली. पण २००० मध्ये सीडीसीनेच, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनेच, त्या अभ्यासाची पुन्हा तपासणी करून संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. आणि नुसत्या रंगावरून कुठली बुरशी आहे हे कळतच नाही, घरात नेहमी येणाऱ्या क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, अस्परजिलसच्या काही जाती पण काळ्या दिसतात. सीडीसीचं म्हणणं सरळ आहे, बुरशी कुठलीही असो, काढायची पद्धत तीच.

याचा अर्थ बुरशीने काही होत नाही असा अजिबात नाही हां. ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला, नाक चोंदणं, घरघर आणि दम्याचा त्रास जास्त दिसतो, २००४ चा अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आणि २००९ ची डब्ल्यूएचओची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही हेच सांगतात. सासूबाईंची काळजी खरी होती. त्या खऱ्या काळजीचा यांनी धंदा केला, याचाच मला जास्त राग आहे.

ट्रीटमेंट म्हणजे काय केलं? मशीनने घरभर वासाचा धूर सोडला, भिंतीवर काहीतरी फवारलं, आणि त्यावर "अँटीफंगल" रंगाचे दोन हात. भिंत खरवडली नाही, पुसली सुद्धा नाही. बुरशी मेली तरी ती अॅलर्जी देऊ शकते, त्यामुळे नुसती मारून उपयोग नसतो, ती तिथून काढावी लागते, आणि ओल्या भिंतीवर रंग दिला की तो पोपडे धरून सुटणार हे कुठलाही रंगारी सांगेल. वर ओझोन मशीन पण विकायला बघत होते, "रात्रभर आजींच्या खोलीत लावून ठेवा" म्हणून. ते नशिबाने घेतलं नाही. ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो, दमेकऱ्याला तर जास्तच, आणि माणसाला सुरक्षित एवढ्या प्रमाणात तो बुरशीवर नीट काम करत नाही असं ईपीएने लिहून ठेवलंय. दमा असलेल्या बाईच्या उशाशी हे लावायला सांगणाऱ्याला काय म्हणायचं?

पैसे जवळजवळ सगळे आधी घेतले, "आज कन्फर्म केलं तर डिस्काउंट, उद्या नाही" हे ठरलेलं वाक्य होतंच. पुढच्या दमट दिवसांत रंग फुगला, खालून तेच काळे ठिपके आणि तेच पांढरं. फोन केला तर म्हणे गॅरंटी पेपर वाचा. पेपरमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं, "गळती, झिरपणं किंवा दमटपणामुळे पुन्हा आल्यास गॅरंटी लागू नाही". आता बुरशी ओलीशिवाय येतच नाही! म्हणजे ज्या एकाच कारणाने ती परत येऊ शकते तेवढंच वगळून बाकी दहा वर्षांची गॅरंटी दिली होती.

शेवटी एक प्लंबर आला, त्याने आधी सगळे नळ बंद करायला लावले आणि पाण्याचा मीटर बघत बसला. घरात थेंबभर वापर नाही आणि काटा हळूहळू सरकतोय. शॉवरच्या भिंतीतल्या पाइपचा जॉइंट गळत होता, थेट आमच्या कपाटामागे. आणि ते पांढरं कापसासारखं, ज्याला त्या लोकांनी "पांढरी बुरशी, फुफ्फुसात जाते" म्हटलं होतं, ती बुरशी नव्हतीच, भिंतीला लोणा लागला होता. पाणी भिंतीतून बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. प्लंबरने त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, ते विरघळून गेलं. बुरशी अशी विरघळत नाही. ही टेस्ट फुकट आहे आणि कोणीही करू शकतं.

पाइप दुरुस्त केला, खराब प्लास्टर काढलं, कपाटाची प्लायची मागची बाजू फेकून दिली कारण बुरशी प्लायच्या आत शिरली की पुसून जात नाही, आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग लावलाच नाही. कपाट आता भिंतीपासून थोडं पुढे ठेवलंय, हवा खेळायला. वरचे काळे ठिपके साधा साबण आणि पाण्याने घासून काढले, एन ९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून, आणि सासूबाईंना तेवढ्या वेळ खोलीत येऊ दिलं नाही. साधारण १० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे तीन बाय तीन फुटांचा पट्टा असेल तर घरच्या घरी करता येतं असं ईपीए म्हणते, त्यापेक्षा मोठं असेल किंवा सांडपाण्यामुळे आलं असेल तर जाणकार माणूस हवा. ब्लीच रोजच्या कामाला नको, आणि वापरलंच तर ते अॅसिड किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

पाइप गळत नसेल तरी बुरशी येते, थंड भिंतीवर हवेतली वाफ जमते त्यामुळे. २५ डिग्री आणि ६० टक्के दमटपणा असलेल्या हवेतलं पाणी साधारण १७ डिग्रीच्या पृष्ठभागावर सुटायला लागतं, म्हणून कोपरे आणि कपाटामागची जागा आधी काळी पडते. पाणी कुठून येतंय हे बघायला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला ओल आली तर भिंतीतलं. साधा दमटपणा मोजणारा मीटर घ्या, ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा, ३० ते ५० च्या मध्ये असला तर उत्तम. आणि काही भिजलं तर २४ ते ४८ तासांत वाळवा, तेवढ्यात वाळलं तर बहुतेक वेळा बुरशी धरतच नाही.

तपासणारा आणि काम करणारा एकच असेल तर त्याला बुरशी सापडण्यातच फायदा असतो. म्हणून अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत एकाच कामात तपासणी आणि साफसफाई दोन्ही एकाच कंपनीने करायला कायद्यानेच मनाई आहे. जिथे असा कायदा नाही तिथे आपणच दोन वेगळी माणसं घ्यायची, आणि तपासणाऱ्याकडून पाणी नक्की कुठून येतंय ते लेखी घ्यायचं. ते लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

आम्ही ग्राहक तक्रार केली आहे, अजून निकाल नाही. उपयोगी पडतंय ते म्हणजे कामाच्या आधीचे आणि नंतरचे तारखेसकट फोटो, त्यांचे व्हॉट्सअप मेसेज, तो बाहेरच्या नमुन्याशिवायचा रिपोर्ट, गॅरंटीचा कागद, आणि प्लंबरने लेखी दिलेलं गळतीचं कारण. रिपोर्टवर लॅबचा पत्ता आणि नोंदणी नंबर होता का ते पण आम्हाला विचारलं गेलं. नव्हता.