लॅपटॉपचा पंखा: ऑटोवर सोडावा, स्वतः बसवावा की उष्णताच कमी करावी?

जानेवारीत मी लॅपटॉपच्या पंख्याचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल याचं गणित, स्वतः बसवला. सिडकोतली आमची छोटी खोली, बाहेर नाशिकची थंडी, शेजारी मुलगी झोपलेली. रात्री अकरानंतर काम करताना पंखा ऐकूही येत नव्हता. तोच कर्व्ह एप्रिलच्या दुपारी साफ फसला. पंखा घोंघावायचा, गप्प व्हायचा, लगेच पुन्हा घोंघावायचा.

कारण साधं आहे. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली १८ अंशांवरून ३८ वर गेली, की त्याच कामाला आणि त्याच वेगाला प्रोसेसरची चिपही जवळपास वीस अंश जास्त तापते. आपल्याकडे डिसेंबरची रात्र आणि मेची दुपार यांत एवढं अंतर सहज पडतं. म्हणून तिन्ही पर्याय दोन्ही ऋतूंत तोलून बघा.

ऑटोवर सोडणं सर्वांत सुरक्षित. पंखा, बॅटरी, चार्जिंग हे सगळं सांभाळणारा छोटा कंट्रोलर आतच असतो आणि कंपनीने त्याचं गणित त्याच मॉडेलसाठी बसवलेलं असतं. आवाज खटकत असेल तर कंपनीच्या ॲपमधला सायलेंट किंवा क्वाएट मोड आधी वापरून बघा. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर तो एफएन आणि क्यू एकत्र दाबून बदलतो. हा मोड बहुतेक वेळा पंख्यासोबत प्रोसेसरची वीजही कमी करतो, म्हणून शांतता टिकते.

स्वतःचा कर्व्ह बसवण्यात खरी मजा आहे आणि जोखीमही. वेग २० टक्के कमी केला तर आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो, आणि तो फरक कानाला स्पष्ट कळतो. पण प्रत्येक लॅपटॉप हे करू देत नाही. डेस्कटॉपवर उत्तम चालणाऱ्या प्रोग्रामला कित्येक लॅपटॉपचा पंखा दिसतच नाही. लेनोवोचा थिंकपॅड आणि त्यावर लिनक्स असेल तर थिंकफॅन हा प्रोग्राम आहे. विंडोजवर नोटबुक फॅनकंट्रोल, पण तुमच्या मॉडेलची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, असेल तरच. दुसऱ्या मॉडेलची ‘बघू चालते का’ म्हणून कृपया टाकू नका, कंट्रोलरमध्ये भलतीकडेच आकडे लिहिले जातात.

माझी चूक दोन पायऱ्यांमध्ये अंतर न ठेवण्याची होती. वेग ६५ अंशांना वाढत असेल, तर तो ६४ ला नव्हे, ५८ ला उतरू द्या. एकसारखा मंद आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. ९० च्या पुढे मात्र पूर्ण वेगच ठेवा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिप १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करून वाचतात, पण शेजारची एसएसडी (फाइल साठवणारी डिस्क) आणि बॅटरी तोवर विनाकारण भाजत असतात. तुमचा कर्व्ह फक्त प्रोसेसरकडे बघत असेल तर त्यांची खबर त्याला नसते.

तिसरा पर्याय मला सर्वांत जास्त पटतो: उष्णता मुळातच कमी करणं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केलं, की बहुतेक मशीनवर टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेला घेतलेला जादा वेग, बंद होतो. आकडा एकाने बदलतो, पण तापमान खूप उतरतं. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ लपवलेली असते. एक्सेल, ब्राउझर, टॅली, मीटिंग यांत फारसा फरक जाणवत नाही; व्हिडिओ एक्स्पोर्टला मात्र वेळ जास्त लागतो. व्होल्टेज उतरवण्याचा मार्गही आहे, पण २०१९ मध्ये उघड झालेल्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा त्रुटीनंतर अनेक इंटेल लॅपटॉपवर तो बंद केला गेला.

लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा असेल आणि खिडकी रस्त्याकडे उघडत असेल, तर या सगळ्याआधी धूळ काढून घ्या. ब्लोअर मारताना पाती धरून ठेवा.

कॉलेजचा अभ्यास किंवा ऑफिसचं काम असेल तर सायलेंट मोड आणि ९९ टक्के एवढंच करा, कर्व्हच्या वाटेला जाऊ नका. गेमिंग किंवा एडिटिंग करणाऱ्यांनी ऑटो ठेवून हेडफोन लावावा, तिथे शांततेची किंमत वेगात मोजावी लागते. थिंकपॅडवर लिनक्स चालवणाऱ्याने कर्व्ह जरूर बसवावा. मीही आता दोन ठेवले आहेत, एक दिवाळीनंतरचा आणि एक होळीनंतरचा. दुसरा मेच्या दुपारी तीन वाजता, खोलीतला कूलर बंद करून तपासला.