हीटर कोअर फ्लश करावा की नवाच बसवावा?

ब्लोअर जोरात फिरतोय, नॉब पूर्ण गरमवर आहे आणि तोंडावर मात्र गार हवा येतेय. गाडी दोन मेकॅनिकना दाखवली, तर एक म्हणतो, "कोअर चोक झालाय, फ्लश करून देतो." दुसरा म्हणतो, "फ्लशने काही होत नाही, नवाच टाका." पहिल्या कामात दोन पाइप सोडायचे असतात. दुसऱ्यात बऱ्याच गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणूनच हा निर्णय घाईत घेऊ नये.

मुळात दोष कोअरचाच आहे का, हे आधी ठरवा. माझा सगळा जोर यावरच आहे, कारण धडधाकट कोअरसाठी डॅशबोर्ड उघडण्याइतका वाया जाणारा खर्च दुसरा नाही. इंजिनवर चालणाऱ्या गाडीत हीटरसाठी वेगळी शेगडी नसते. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो. हा छोटा रेडिएटर म्हणजेच हीटर कोअर. हवा गार येते तेव्हा एक तर कूलंट तापत नाही, किंवा ते कोअरपर्यंत पोचत नाही, किंवा हवाच कोअरवरून जात नाही.

पहिली पाहणी इंजिन पूर्ण गार असताना करा. कूलंटची पातळी बघा. गरम इंजिनावर झाकण कधीच उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं. पातळी उतरली की अनेक गाड्यांत आधी हीटरच गार पडतो, कारण कोअर उंचावर असतो आणि हवा तिथे अडकते. गाडी उभी असताना गार, रेस दिली की गरम, आणि डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज, ही त्याची खूण. कूलंट भरून हवा काढली की बरेचदा काम होतं. मात्र ते कमी का झालं, हे शोधावंच लागतं. बाहेर कुठे गळती नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठताहेत, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलवर. मग हीटर बाजूला ठेवा आणि आधी इंजिन दाखवा.

यानंतरची परीक्षा दोन पाइपांची. इंजिन नेहमीच्या तापमानाला आलं, हीटर पूर्ण गरमवर केला, की बोनेट उघडा आणि केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन पाइप शोधा. हातमोजा घालून निसटता स्पर्श करा, कारण आतलं कूलंट 90 अंशांच्या आसपास असतं. बाही आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवा.

दोन्ही पाइप गरम असतील तर कोअरमधून कूलंट व्यवस्थित फिरतंय. मग दोष बहुधा आतल्या झडपेचा, म्हणजे गरम-गार हवा मिसळणाऱ्या ब्लेंड डोअरचा किंवा ते फिरवणाऱ्या मोटरचा. नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डमागून कटकट ऐकू येत असेल तर शंकाच नको. दोन्ही पाइप कोमट असतील आणि वेगात जाताना तापमानाचा काटा खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकलाय. तो बदलणं तुलनेने किरकोळ काम. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल, तरच कोअरवर बोट ठेवता येतं. तेव्हाही पाइपावर हीटर व्हॉल्व्ह, म्हणजे कोअरकडे जाणारं कूलंट चालू-बंद करणारी झडप, असेल तर तो उघडतोय ना, हे आधी बघा.

आता खरी तुलना. फ्लशमध्ये दोन्ही पाइप सोडून कोअरमधून उलट्या दिशेने पाणी सोडतात, म्हणजे साचलेला गाळ आला त्या वाटेने मागे निघतो. दाब कमीच हवा. जोराच्या पाण्याने जुना कोअर फुटतो. तपकिरी पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करायचं, मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट भरायचं आणि हवा काढायची. फरक पडला की नाही, ते त्याच दिवशी कळतं. धोका एवढाच की आतून गंजलेला कोअर गाळानेच बुजलेला असेल, तर गाळ निघताच गळायला लागतो. आणि कधीकाळी कुणी गळती बुजवणारं औषध ओतलं असेल, तर ते बारीक नळ्यांत घट्ट बसतं आणि फ्लशला दाद देत नाही. मी ते औषध कुणालाच सुचवत नाही.

नवा कोअर बसवला की अडथळा आणि गळती दोन्ही संपतात, पण मजुरी सुट्या भागापेक्षा बरीच जास्त होऊ शकते. एअरबॅगची जोडणी सोडावी लागते, काही गाड्यांत एसीचा गॅसही काढावा लागतो, आणि क्लिपा तुटल्या तर डॅशबोर्ड पुढे खडखडतो. काही मॉडेलमध्ये मात्र कोअर ग्लोव्हबॉक्सच्या किंवा पेडलच्या बाजूने निघतो. म्हणून आपल्या गाडीत तो कसा निघतो, हे आधी विचारा. तो सहज निघत असेल तर नव्याकडे झुकायला हरकत नाही.

केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं, पायाखालचं कार्पेट चिकट ओलं, यातलं काहीही दिसलं तर कोअर गळतोय आणि फ्लशचा विषय संपला. नवाच टाका. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो, पण मग काचेवरचं धुकं घालवायला गरम हवा उरत नाही. त्यामुळे ती चार दिवसांची सोय समजा.

गळती नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळतीची तपासणी, करून घ्या आणि एकदा फ्लश करा. काही महिन्यांत हीटर पुन्हा गार पडला आणि कूलंट पुन्हा तपकिरी झालं, तर नवा कोअर घ्या. त्याआधी रेडिएटर आणि इंजिनासकट सगळी यंत्रणा धुऊन घ्या, नाहीतर तोच गाळ नव्या कोअरमध्ये जाऊन बसेल. काढलेलं जुनं कूलंट झाकण असलेल्या कॅनमध्येच ठेवा. ते विषारी असतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. दोन्हींपैकी कोणतंही काम झालं की पुढचे काही दिवस सकाळी गार इंजिनावर पातळी बघत राहा. अडकलेली हवा हळूहळू निघते तशी ती थोडी उतरते, तेवढं कूलंट भरून घ्या.