झिपचा पाऊच की क्लिपची डबी?

रोजच्या बॅगेत प्रथमोपचाराचं सामान असावं, एवढं तुम्हाला पटलंय असं धरून चालतो. आत काय असावं यावरही फारसा वाद नाही. गॉज, रोलर बँडेज, पेपर टेप, थोड्या चिकटपट्ट्या, बेटाडिनची लहान ट्यूब, ओआरएस आणि ज्याच्या त्याच्या गोळ्या. प्रश्न उरतो तो हे सगळं भरायचं कशात. मी आधी केमिस्टकडे मिळतो तसा लाल झिपचा पाऊच बाळगायचो. आता स्वयंपाकघरातली, दोन बाजूंना क्लिपा आणि झाकणात रबर असलेली डबी बाळगतो. सामान तेच आहे.

पाऊचच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. मऊ असतो, त्यामुळे जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली यांच्या फटीतही शिरतो. क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी असलं जाडजूड सामान पोटात घेतो. आणि मुख्य म्हणजे, उद्या तुम्हीच चक्कर येऊन पडलात तर 'बॅगेतला लाल पाऊच काढा' एवढं सांगितलं की अनोळखी माणसालाही तो सापडतो. माझी डबी बघून कोणालाही वाटेल की आत शेंगदाण्याची चटणी आहे. म्हणून तिच्यावर लाल टेप लावलीय आणि झाकणाच्या आतून नाव, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय.

तरीही पाऊच सुटला तो झिपमुळे. पावसाळ्यात दादरच्या फलाटावर छत्री मिटताना तिच्या काडीने तळवा चांगलाच कापला. त्या हाताची मूठ आवळून धरलेली, म्हणजे कामाला उरला एकच हात. झिप ओढायची तर पाऊच कोणीतरी धरायला हवा. शेवटी पाऊच दातात धरला आणि झिप ओढली. ती कोपऱ्यावर वळते तिथे आतल्या बँडेजचा धागा धरून बसली. हिसका दिला तेव्हा उघडली, पण गॉज राहिलं तळाशी आणि चिकटपट्ट्या पडल्या फलाटावरच्या चिखलात. जखम फार मोठी नव्हती, चिडचिड मात्र फार झाली. झिपला दोरी बांधा, असं कोणी सुचवेल. तीही बांधून पाहिली. ओढायला सोपं जातं, पण पाऊच धरायचा कोणी हा प्रश्न तसाच राहतो. आणि जखमी माणूस स्वतःच असेल तर एक हात कमी असण्याची शक्यता बरीच, नाही का?

डबी पोटाशी दाबून धरली की अंगठ्याने दोन्ही क्लिपा उडतात. झाकण उचललं की समोर गॉज, कारण मी ते कायम सगळ्यात वर ठेवतो. रबरामुळे जूनमधली ओल आत जात नाही. पाऊचच्या शिवणीतून ती हळूहळू जायचीच, आणि मग चिकटपट्ट्यांचे कागदी वेष्टण लगद्यासारखे व्हायचे. झिपलॉक पिशवीत घालून तो प्रश्न सुटतो, हे मान्य. पण मग उघडायला दोन गोष्टी झाल्या.

डबीचे त्रासही सांगतो. कमी भरली तर खडखडते. गॉज जरा जास्त कोंबलं की गप्प बसते. क्लिपेच्या बिजागरीला पांढरी रेघ दिसू लागली की डबी बदलावी, नाहीतर बॅगेतच उघडते. जागा मोजकी असते, म्हणून एक लिटरला लागणारं ओआरएसचं मोठं पाकीट नको; २०० मिली पाण्यात घालायची छोटी पाकिटं घ्या. अंदाजाने अर्धं पाकीट ओतण्याची वेळ येत नाही, हा वरचा फायदा. तयार किटमध्ये येतो तो कापूस मी काढून टाकतो, त्याचे तंतू जखमेत चिकटतात. गोळ्यांची पट्टी कापून ठेवणार असाल तर तारखेच्या बाजूचा तुकडा ठेवा. केमिस्ट कुठल्या बाजूने कापून देईल याचा नेम नसतो.

गाडीत ठेवायचं असेल, मुलं बरोबर असतील किंवा चार जण मिळून ट्रेकला जात असाल, तर पाऊचच घ्या. तिथे धरायला दुसरा हात असतो आणि सामानही जास्त लागतं. पण रोज एकट्याने लोकलने किंवा दुचाकीवरून ये-जा असेल, तर माझ्या मते डबी बरी. मोठ्या प्रसंगात दोन्ही सारखेच अपुरे. तिथे जखम दाबून धरायची आणि १०८ किंवा ११२ लावायचा.

डबी घेताना मात्र दुकानातच पोटाशी धरून एका हाताने उघडून बघा, जमल्यास डाव्या. काहींच्या क्लिपा इतक्या कडक असतात की नखं तुटतील. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.